दोनशे सदतीस दिवस

"ही सही कोणाची?"

संस्थेच्या वकिलांनी हजेरीचे जाडजूड पुस्तक साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवले आणि एका ओळीवर बोट टेकवले. जमादाराने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा नाकावर चढवला. खरे म्हणजे त्याला चष्म्याची गरज नव्हती. ती सही तो अंधारातही ओळखू शकला असता.

"माझी," तो म्हणाला.

"नाव वाचा."

"नाव माझ्या जोडीदाराचं आहे, साहेब."

"म्हणजे सही तुमची आणि नाव दुसऱ्याचं?"

"हो साहेब."

"संस्थेच्या पुस्तकात आपण खोटी सही केली, हे आपण शपथेवर सांगत आहात?"

जमादाराने क्षणभर विचार केला. छातीतून वर येऊ पाहणारा खोकला त्याने गिळला आणि मग तो शांतपणे म्हणाला, "सही खोटी होती, साहेब. ड्यूटी खरी होती."

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. न्यायाधीशांनी मान वर केली आणि हसू विरले. जमादाराच्या बाजूने लढणाऱ्या वकीलबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

जमादार हा काही खरा जमादार नव्हता. शहराला पाणी पुरवणाऱ्या जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकावर तो हंगामी पहारेकरी होता, आणि तोही आता नव्हता. परंतु त्याचा पट्टा सदैव चकचकीत असे, टोपी कधी वाकडी नसे, आणि कोणी विनापरवाना आत शिरू लागला की तो अशा काही अदबीने त्याला अडवीत असे, की अडवलेला माणूसच वरमून जाई. म्हणून सोबत्यांनी त्याला ही पदवी बहाल केली होती. संस्थेने जे दिले नाही ते सोबत्यांनी दिले. असल्या पदव्यांना पगार नसतो, एवढीच काय ती उणीव.

असे अकरा जण होते. कोणी नऊ वर्षे, कोणी बारा वर्षे त्या फाटकावर उभा राहिलेला. सगळे हंगामी. हंगाम कसला, हे कोणी कधी सांगितले नाही. शहराला पाणी बारमाही लागत होते आणि फाटकही बारमाही होते. एके दिवशी सकाळी साडेसातला ते कामावर गेले, तर फाटकावर दुसऱ्याच गणवेशातली अनोळखी पोरे उभी. भिंतीवर कागद डकवलेला. पहाऱ्याचे काम खासगी कंपनीला दिले आहे, सबब आपली गरज उरलेली नाही. बारा वर्षांची सेवा चार ओळींत आटोपली. त्या दिवसापासून अकरा जण न्यायालयाच्या पायऱ्या झिजवू लागले, त्याला आता सात वर्षे होत आली. अर्जावर जमादाराचे नाव सर्वांत वर होते, कारण तो सर्वांत जुना. त्यामुळे न्यायालयात त्याला तिसरेच नाव मिळाले होते. अर्जदार क्रमांक एक.

कायद्याचे म्हणणे असे होते, की काढून टाकण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत ज्याचे दोनशे चाळीस दिवस भरले, त्याला असे एका कागदाने घालवता येत नाही. वकीलबाईंनी एकेकाचे दिवस मोजले. दहा जणांचे भरले. जमादाराचे भरले दोनशे सदतीस.

"तीन दिवस," वकीलबाई म्हणाल्या होत्या. "तीन दिवसांसाठी तुम्ही बाहेर पडणार. आठवा काहीतरी. कुठे जादा काम केलंय का?"

आणि जमादाराला आठवले. किंबहुना तो ते कधी विसरलाच नव्हता.

केंद्रात एक पद्धत होती. हंगामी माणूस कायम होऊ नये म्हणून दर पंच्याऐंशी दिवसांनी त्याला तीन दिवस घरी बसवीत. याला ब्रेक म्हणत. परंतु फाटक काही ब्रेक घेत नाही. मग सुपरवायझरनेच तोडगा काढला होता. ज्याचा ब्रेक असेल त्याच्या जोडीदाराचे नाव पुस्तकात दोन्ही पाळ्यांना लिहायचे. प्रत्यक्षात एका पाळीला जोडीदार उभा राही, दुसऱ्या पाळीला ब्रेकवरचा माणूस जोडीदाराच्या नावाने उभा राही. कागदावर एकच माणूस सोळा सोळा तास ताठ उभा. वर्षानुवर्षे हे चालले होते. प्रत्येकाला आपल्या जोडीदाराची सही स्वतःच्या सहीपेक्षा चांगली जमत असे.

जमादाराचा जोडीदार लांब्या. उंचीने इतका, की पहाऱ्याच्या खोलीत शिरताना त्याला रोज नमस्कार केल्यासारखे वाकावे लागे. "ही खोलीच मला मान देत नाही, मीच तिला देतो," असे तो म्हणायचा. शेवटच्या वर्षी जमादाराच्या एका ब्रेकच्या तिसऱ्या दिवशी सकाळची पाळी जमादाराकडे होती, लांब्याच्या नावाने. लांब्या त्या वेळी प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालीत होता. त्याला दुपारच्या पाळीला यायचे होते.

साडेअकराच्या सुमारास क्लोरीनच्या खोलीतून पिवळट धूर बाहेर आला. पाणी शुद्ध करणारा तोच वायू माणसाच्या छातीत शिरला तर आतून जाळीत जातो. भोंगा वाजला, सगळे वाऱ्याच्या उलट दिशेला पळाले. आत ऑपरेटर पडला होता. जमादाराने अंगातला सदरा नळाखाली भिजवला, तोंडाला गुंडाळला आणि तो आत गेला. ऑपरेटरला काखेत धरून त्याने दारापर्यंत ओढले, दारातून पायरीवर, पायरीवरून उंचवट्यावर. एवढेच. सांगायला गेले तर पुरते अर्ध्या मिनिटाचे काम. ऑपरेटर बेशुद्ध होता. त्याला कोणी ओढले हे त्याला कळले नाही. मोठ्या साहेबांनी हजेरीचे पुस्तक मागवले, त्या पाळीला नाव कोणाचे हे पाहिले आणि महिन्याभरात कौतुकाचे पत्र आले. लांब्याच्या नावाने.

"हे मी नाही घेणार," लांब्या म्हणाला होता. त्याचे डोळे भरून आले होते. "मी त्या वेळी पोरीचं तोंड बघत होतो रे."

"घे मुकाट्यानं," जमादाराने त्याला दटावले होते. "खरं सांगायला गेलास तर तू घरी, मी घरी आणि सुपरवायझरही घरी. फाटकावर कुत्रं उभं करतील."

जमादार त्या दिवशी दवाखान्यातही गेला नाही. कागदावर तो घरी होता. घरी बसलेल्या माणसाला वायू कसा लागेल? गल्लीतल्या डॉक्टरकडून औषध आणून तो सात आठवडे अंथरुणावर पडून राहिला, आणि तेवढे दिवस त्याच्या हजेरीतून वजा झाले. पाच महिन्यांनी लांब्या काविळीने गेला. साहेबांना ते पत्र आठवले. अशा शूर माणसाच्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडणे बरे नव्हे म्हणून त्याच्या बायकोला केंद्रातच सफाईच्या कामावर घेतले. कायम. कायम हा शब्द अकरा जणांच्या नशिबी आला नाही, तो तिच्या नशिबी आला. तिच्याविषयी कोणाच्या मनात तेव्हा असूया नव्हती. उलट जमादारानेच तिचा अर्ज लिहून दिला होता.

आता सात वर्षांनी न्यायालयात उभे राहून त्याने सांगितले, की त्या दिवशी फाटकावर लांब्या नव्हता, मी होतो. बोलताना त्याच्या डोळ्यांपुढे फक्त तो पिवळा धूर होता. पत्र डोळ्यांपुढे आलेच नाही. हा त्याचा प्रमाद. त्या पत्रावर लांब्याच्या बायकोची नोकरी टेकली आहे, हे वकीलबाईंना तर ठाऊकच नव्हते.

संस्थेच्या वकिलांना मात्र सर्व आठवले. पुढच्या तारखेला त्यांनी अर्ज दिला. त्या दिवशी कामावर असलेल्या पहारेकऱ्याच्या विधवेला साक्षीला बोलावण्याची परवानगी मिळावी.

"आता झालं," न्यायालयाच्या आवारात मिशावाला कडाडला. अकरा जणांत तो सर्वांत तापट, आणि मिशांमुळे त्याचा राग दुपटीने दिसे. "उघड तोंडानं सांगितलंस, खोट्या सह्या केल्या म्हणून! आता ते म्हणतील, एकानं केल्या तर अकरांनी केल्या. पुस्तकच खोटं."

"पगारपत्रक आहे. बाई म्हणाल्या तुमच्या दिवसांना धक्का नाही."

"बाई म्हणाल्या! बाईंना काय, हरल्या तर दुसरी केस. आपलं काय?" मग त्याचा आवाज एकदम उतरला. "आणि वहिनीचं काय रे, जमादार? तिचा विचार केलास?"

जमादार आवाराबाहेर पडला. 

घरी त्याची बायको वाटच पाहत होती. तिला सर्व हकीगत आधीच कळली होती, कारण अकरा घरांतल्या अकरा बायका म्हणजे बातमीचा नळच. सोडला की वाहतो. ती कपड्यांना इस्त्री करून देण्याचे काम करीत असे. इस्त्री बाजूला ठेवून ती त्याच्यासमोर बसली.

"मग? आता काय ठरवलंय?"

"ठरवायचं काय त्यात. ती येईल, सांगेल."

"काय सांगेल? नवरा ड्यूटीवर होता म्हणून सांगेल. आणि तुम्ही खोटे ठराल."

"ठरेन."

"ठरेन काय ठरेन!" बायको उसळली. "खोकला तुम्हाला, पत्र त्यांना. अंथरूण तुम्हाला, नोकरी त्यांना. आणि आता वर खोटारडे म्हणून शिक्काही तुम्हालाच? अहो, पायऱ्या चढताना तीनदा थांबता तुम्ही. या वयात दुसरं कोण उभं करणार आहे तुम्हाला दारात?"

"तिच्या पोटावर पाय देऊ म्हणतेस?"

"मी काही देऊ म्हणत नाही. मी खरं सांगा म्हणते." ती थोडी थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "आणि तुमच्याजवळ पुरावा आहे. पोरीचा जन्म. त्याच दिवशी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. प्रसूतिगृहाच्या वहीत बापाची सही आहे, वेळ घालून. मी शेजारी उभी होते. ती सही तरी त्याची स्वतःची आहे. वकीलबाईंना एवढं एक वाक्य सांगा. वही मागवतील त्या."

 हे जमादारालाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. धरले तर चावते आणि सोडले तर पळते, अशी ती गोष्ट होती.

साक्षीच्या दिवशी बायको त्याच्याबरोबर न्यायालयात आली. यापूर्वी ती कधी आली नव्हती. निम्मी गिऱ्हाइके बुडवून ती आली आणि न्यायकक्षाबाहेरच्या लांब बाकावर घट्ट बसून राहिली, जणू कोणी उठवायला आले तर ती बाकासकट उठेल. बाकाचे लाकूड हजारो माणसांच्या बसण्याने मधोमध खोलगट झाले होते. भिंतीवर पाठी टेकून टेकून रंगाचा एक तेलकट पट्टा उमटला होता. समोर पंखा फिरत होता, पण त्याचा वारा फक्त शिपायाच्या टेबलापर्यंत पोहोचत होता.

लांब्याची बायको आली. केंद्राचा निळा गणवेश तिने बदलला नव्हता. बहुधा अर्ध्या दिवसाचीच सुटी मिळाली असावी. बाकावर दुसरीकडे जागा नव्हती. ती उभी राहिली, मग जमादाराच्या बायकोनेच पदर आवरून सरकून जागा केली. सवयीने केली, आणि केल्यावर तोंड दुसरीकडे फिरवले.

शिपायाने दुसऱ्याच दोन खटल्यांचा पुकारा केला.

"भाऊजी," शेवटी लांब्याची बायको म्हणाली, "एवढी वर्षं गप्प होतात. मग आताच कशी वाचा फुटली?"

"वहिनी, मी तुमच्याविरुद्ध काही..."

"ते गेले तेव्हा सगळ्यांच्या आधी तुम्ही आलात. माझा अर्ज तुम्ही लिहिलात. त्यात काय लिहिलं होतं, आठवतं? जिवाची पर्वा न करता. तुमच्याच अक्षरात आहे ते. साहेबांच्या फायलीत आहे अजून."

"आठवतं."

"मग आता ते पत्र ओढून घ्यायला निघालात?"

"पत्र नकोय मला. मला फक्त तीन दिवस हवेत."

"ते तीन दिवस पत्रातच आहेत ना, भाऊजी!" तिचा आवाज चिरकला. शिपायाने मान वळवून पाहिले. ती खाली पाहत म्हणाली, "साहेबांनी परवा बोलावून घेतलं. म्हणाले, तू म्हणालीस नवरा ड्यूटीवर नव्हता, तर मग तुझी नोकरी कशाच्या जोरावर? घरात मी एकटी कमावणारी. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी काय करू?"

"आणि यांची छाती?" जमादाराची बायको इतका वेळ धरून ठेवलेले एकदम बोलली. "ती कोणत्या पत्रात आहे? सांग ना. अंथरुणावर उठून बसायचे हे, तोंड उघडं टाकून श्वास शोधायचे, तेव्हा पंखा मी धरलाय हातात. तू नाहीस. तुझे साहेब नाहीत."

 लांब्याच्या बायकोने आपला हात जमादाराच्या बायकोच्या गुडघ्यावर ठेवला. तो हात झटकला गेला नाही, पण धरलाही गेला नाही. क्लोरीनच्या पाण्यात सतत असल्याने बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती.

"ताई," ती पुटपुटली, "तुम्ही माझ्याजवळ होतात त्या दिवशी. मला सगळं माहीत आहे. मी खोटं बोलणार आहे हेही मला माहीत आहे."

इतक्यात शिपायाने पुकारा केला. ती उठली, दोन पावले गेली आणि वळून जमादाराकडे पाहू लागली. वाट चुकलेला माणूस चौकातल्या पहारेकऱ्याकडे पाहतो तशी.

"काय बोलू? तुम्हीच सांगा."

 जमादाराने आपल्या चपलांकडे पाहिले, मग समोरच्या दाराकडे.

"पत्रात लिहिलंय ते बोला," तो म्हणाला. "आणि हळू बोला. घाईनं बोललं की साहेब लोक पुन्हा पुन्हा विचारतात."

ती आत गेली. संस्थेच्या वकिलांनी तिला गोडीगुलाबीने प्रश्न विचारले. आपले पती त्या दिवशी कामावर होते काय? होते. सकाळच्या पाळीला? हो. हे पत्र आपल्या पतींना मिळाले? हो. तिचा आवाज इतका बारीक झाला, की न्यायाधीशांनी दोनदा "मोठ्यानं बोला" म्हणून सांगितले. मग ती मोठ्याने म्हणाली, "हो, होते." ते शब्द भिंतीवर आपटून परत आले. त्या क्षणी तिने जमादाराकडे पाहिले नाही, याबद्दल जमादाराला तिचे मनोमन कौतुक वाटले. पाहिले असते तर ती कोसळली असती.

उलटतपासणी मधल्या सुटीनंतर ठेवली गेली. वकीलबाई बाहेर आल्या त्या थेट जमादाराच्या बाकाशी. तरुण होत्या, पण या सात वर्षांत त्यांच्याही केसांत एक पांढरी बट उतरली होती.

"ती खोटं बोलतेय," त्या म्हणाल्या. "मला कळतंय, न्यायाधीशांनाही थोडंफार कळतंय. पण कळून उपयोग नाही. मला एक धागा द्या, बाकीचं मी उसवते. तिचा नवरा त्या दिवशी कुठे होता?"

जमादार उठून उभा राहिला. वकीलबाईंशी तो कधी बसून बोलत नसे.

"तुम्ही जोडीदार होतात. तुम्हाला माहीत असणार. लग्नकार्य, प्रवास, दवाखाना, काहीही. एखादा कागद, एखादी तारीख."

त्या प्रश्नाचे उत्तर जमादाराच्या ओठांवर होते. एक वाक्य. त्या वाक्याने दोनशे सदतीसचे दोनशे चाळीस झाले असते. पट्टा पुन्हा कमरेला बसला असता. पण त्या वाक्याबरोबर त्याला पुढचेही दिसले. वकीलबाई पिंजऱ्यापुढे उभ्या आहेत आणि विचारीत आहेत, बाई, आपल्या मुलीचा जन्म कधी झाला? आणि ती बाई पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरून उभी आहे. कोणत्याही आईने हसून द्यावे असे ते उत्तर, आणि नेमक्या त्याच उत्तराने तिचे घर पडणार. लांब्याच्या उभ्या आयुष्यात त्याला निर्भेळ आनंद झाल्याचा जमादाराने पाहिलेला तो एकच दिवस. त्या दुपारी पाळीवर येताना तो पहाऱ्याच्या खोलीत शिरताना वाकायचे विसरला होता आणि कपाळाला टेंगूळ घेऊन हसत बसला होता. जमादार त्या वेळी छाती दाबून धरून कसाबसा उभा होता, तरी त्यालाही हसू आले होते. तो दिवस पुराव्याच्या यादीत जावा, त्यावर क्रमांक पडावा, हे त्याच्याने होईना.

"नाही बाई," तो म्हणाला. "असं काही नाही."

"नीट आठवा. मी पुन्हा विचारणार नाही."

"नाही."

वकीलबाईंची नजर त्याच्या बायकोकडे वळली. "तुम्हाला काही माहीत आहे, काकू?"

 बायको ज्या एका वाक्यासाठी गिऱ्हाइके बुडवून आली होती, ते वाक्य आता तिचे एकटीचे होते. तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर विनंती नव्हती, आज्ञाही नव्हती. पायऱ्या चढताना तो मध्येच थांबतो तेव्हा जसा दिसे, तसाच तो आता दिसत होता.

"यांना विचारा," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "ड्यूटीवर हे होते. मी नव्हते."

मधल्या सुटीनंतर वकीलबाईंनी लांब्याच्या बायकोला चार प्रश्न विचारले आणि त्या खाली बसल्या. चारही प्रश्न हवेत गेले.

परत येताना दोघे नवराबायको अर्धा रस्ता चालले. कोपऱ्यावर खोकल्याची उबळ आली, म्हणून ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. बायकोने पिशवीतली पाण्याची बाटली काढून दिली. तिने ती दिली, पण उघडून दिली नाही. रोज उघडून देत असे.

"रागावलीस?" त्याने विचारले.

"राग कुठे ठेवू? घरात जागा आहे का?" आणि थोड्या वेळाने, "उद्यापासून इस्त्रीचे कपडे तुम्ही पोहोचवायला जा. तिसऱ्या मजल्यापर्यंतचीच घरं सांगते. त्याच्या वरची मी बघीन."

निकाल लागायला आणखी पाच महिने गेले. मिशावाल्याने तो सर्वांना ओरडून सांगितला आणि मग एकाएकी प्रत जमादाराच्या हाती दिली. दहा अर्जदारांना पूर्ववत कामावर घ्यावे. अर्जदार क्रमांक एक याचे दिवस भरत नाहीत. मृत सहकाऱ्याच्या नावे आपण काम केल्याचे त्याचे म्हणणे विश्वासार्ह वाटत नाही. ते सोयीसाठी मागाहून रचलेले दिसते. एवढे एक वाक्य बाकीच्यांपेक्षा जास्त. जमादाराने ती प्रत स्वतः वाचली. 'मागाहून रचलेले' या शब्दांवर त्याचे बोट थोडे थांबले, मग पुढे सरकले.

"वर अपील करता येईल," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

"दहा जण लागले ना बाई. अकरातले दहा म्हणजे पुष्कळ झाले," असे म्हणून त्याने त्यांना नमस्कार केला.

दहा जण कामावर रुजू व्हायचे त्या सोमवारी तोही त्यांच्याबरोबर निघाला. कोणी बोलावले नव्हते. पण सात वर्षे प्रत्येक तारखेला ते अकरा जण एकत्रच निघत, तर शेवटच्या दिवशी दहाच कसे निघतील, असा काहीसा त्याचा हिशोब असावा. मिशावाल्याने मिशांना तेल लावले होते. कोणाचा गणवेश पोटावर बसत नव्हता, कोणाचा खांद्यावर लोंबत होता. सात वर्षांत माणसे एकतर सुटतात किंवा सुकतात.

"ए जमादार, टोपी सरळ आहे का बघ माझी," मिशावाला म्हणाला. जमादाराने ती सरळ केली.  मिशावाल्याने जमादाराच्या दंडावर थोपटले.

फाटकाशी नवा सुपरवायझर हातात यादी घेऊन उभा होता. त्याने बोटाने माणसे मोजली आणि कपाळाला आठी घातली.

"दहाच हवेत. हा अकरावा कोण?"

"आमच्यातलाच आहे, साहेब," मिशावाला म्हणाला.

"यादीत आहे?"

मिशावाला जमादाराकडे पाहू लागला.

"मग बाहेर थांबा, काका. फाटक मोकळं ठेवा."

'फाटक मोकळं ठेवा' हे वाक्य जमादाराने स्वतः आयुष्यात हजारो वेळा उच्चारले होते. तो विनातक्रार मागे सरला आणि रस्त्याच्या कडेला गेला. दहा जण आत गेले. आत त्यांना रांगेत उभे करून नवा सुपरवायझर काहीबाही सूचना देऊ लागला. फाटक सताड उघडे होते आणि फाटकावर त्या घटकेला कोणीच नव्हते.

तेवढ्यात टाक्यांनी भरलेला लांबलचक ट्रक वळणावरून आला. त्या फाटकाची एक खोड होती. रस्ता अरुंद, वळण काटकोनात. दोन्ही बाजूंची वाहने थांबवल्याखेरीज मोठी गाडी आत वळत नसे. ड्रायव्हरने कर्णा वाजवला. मागच्या मोटारींनीही वाजवला. समोरून एक बस सुसाट येत होती.

जमादार रस्त्याच्या मध्यावर गेला. त्याने उजवा तळहात बससमोर धरला आणि बस थांबली. डाव्या हाताने त्याने मोटारींना अडवले. मग ट्रकच्या पुढ्यात उलट्या पावलांनी सरकत, दोन बोटांनी, थोडं डावीकडे, अजून थोडं, बस्स, आता सरळ, असे करीत त्याने तो अगडबंब ट्रक फाटकाच्या दोन खांबांमधून आत घातला. खांबाला चार बोटांचीही जागा उरली नव्हती. ड्रायव्हरने खिडकीतून हात वर केला. सवयीने, खाली कोण आहे हे न पाहता.

ट्रक आत गेला. आतून कोणीतरी फाटक ओढून घेतले.

जमादार रस्त्यावर होता. दोन्ही बाजूंची वाहने अजून थांबलेली होती, आणि बसच्या काचेमागून माणसे त्याच्याकडे पाहत होती. त्याने एकदा डावीकडे पाहिले, एकदा उजवीकडे. मग हात खाली घेऊन त्याने आधी बसला जाऊ दिले, मागून मोटारींना.